कारवार ते कुलाबा : सन १७१२-१३ मधील एका सागरी कथेची चिकित्सा

मुंबई बेटाच्या आरंभीच्या इंग्रजी अमदानीविषयी जे ग्रंथ लिहिले गेले त्यांत एक कथा पुनःपुन्हा आढळते. कोवळ्या वयाची एक इंग्रज मुलगी. तिचे एकामागून एक झालेले तीन विवाह. भर समुद्रात तिच्या डोळ्यांदेखत कोसळलेला पती. आंग्र्यांच्या किल्ल्यातील बंदिवास. आणि जीव धोक्यात घालून तिला सोडवून आणणारा एक लष्करी अधिकारी. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? कर्नल जॉन बिडल्फ याने १९०७ साली मलबारच्या चाच्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावरच, दोनशे वर्षांपूर्वीच्या हिंदुस्थानातील एका इंग्रज स्त्रीची हकीकत म्हणून, या कथेला स्थान दिले. तेव्हापासून ती बिडल्फच्याच साच्यात सांगितली जाते. कान्होजी आंग्रे तीत खलनायक असतो, इंग्रजांचा मुंबईचा किल्ला आश्रयस्थान असतो आणि कॅथरिन कुक ही नायिका असते.

ही कथा खोटी आहे असे प्रतिपादन करण्याचा येथे हेतू नाही. तिच्यातील मुख्य घटना घडल्या आहेत, त्यांना कंपनीच्या दप्तराचा आधार आहे. परंतु घडलेल्या गोष्टीची कथा होत असताना तिच्यातून काय गळाले आणि तिच्यात काय भरले गेले, हे पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला अगत्याचे आहे. आंग्रेकालीन आरमाराविषयी आपल्याकडे दामोदर गोपाळ ढबू यांच्यासारख्यांनी परिश्रमपूर्वक लिहिले, सुरेंद्रनाथ सेन यांनी कान्होजीच्या पूर्वायुष्यावर प्रकाश टाकला, मनोहर माळगावकरांनी १९५९ मध्ये त्याचे इंग्रजी चरित्र सिद्ध केले. तरीही या एका प्रसंगाबाबत इंग्रजी कथनाची छाया पुष्कळशी तशीच राहिली आहे.

आधी नावांविषयी एक खुलासा केलेला बरा. या प्रकरणाच्या इंग्रजी कागदांत ‘कुलाबा’ असे नाव येते ते अलिबागेसमोरच्या जलदुर्गाचे होय. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाचा कुलाबा निराळा. दोन्ही नावे एकसारखी असल्यामुळे, कॅथरिनला मुंबईच्याच कुलाब्यात डांबून ठेवले होते अशी समजूत होण्याचा संभव असतो. तसेच त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे मूळ कागदांत १७१३ च्या फेब्रुवारीतील घटनांवर १७१२ चा आकडा सापडतो. या लेखात जानेवारीपासून सुरू होणारे वर्ष धरले आहे.

१७०९ च्या मार्च महिन्यात ‘लॉयल ब्लिस’ नावाचे कंपनीचे जहाज इंग्लंडहून बंगालकडे निघाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये पूर्वी तोफखान्यावर काम केलेला कॅप्टन जेरार्ड कुक हा आपली पत्नी, एक मुलगा व दोन मुली यांसह त्यावर होता. प्रवासास विलंब झाला, बंगालकडे जाण्याचा अनुकूल वारा हुकला आणि ऑक्टोबरात जहाजाने कारवारच्या बंदरात नांगर टाकला. कारवारच्या इंग्रज वखारीचा मुख्य जॉन हार्वे हा होता. तो वयस्क आणि शरीराने व्यंग असलेला होता, असे वर्णन आहे. कुकची थोरली मुलगी कॅथरिन तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. हार्वेने तिला मागणी घातली, तिच्या नावे द्रव्य करून देण्याचे कबूल केले आणि आईबापांनी मुलगी दिली. त्याच महिन्यात जहाज शीड उभारून पुढे गेले. मुलगी कारवारलाच राहिली.

मराठी वाचकाला येथे देवलांच्या ‘शारदे’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. जरठ-कुमारी विवाह ही एकट्या हिंदू समाजाची रूढी आहे असे समजून तिच्यावर टीका करणाऱ्या पुढच्या काळातील युरोपीय लेखकांनी कारवारच्या वखारीतील या लग्नाकडे मात्र दैवदुर्विलास म्हणून पाहिले. देवलांच्या नाटकात निदान शेवटी कोदंड येतो. येथे तसे काही घडले नाही. हार्वेने १७११ मध्ये नोकरी सोडली, हिशेब मिटविण्यासाठी तो मुंबईस येऊन परत गेला आणि थोड्याच महिन्यांत कारवारलाच वारला. पंधरा-सोळा वर्षांच्या या विधवेचा टॉमस चाउन या तरुण फॅक्टरशी विवाह झाला. फॅक्टर म्हणजे वखारीतील कारकुनाच्या वरच्या दर्जाचा व्यापारी नोकर. मुंबईतील पूर्वपरिचयामुळे हे लग्न जुळले असे सांगतात, आणि त्यात प्रेम असेलही. परंतु त्यानंतर दोघांनी मुंबईचा प्रवास काढला तो हार्वेच्या मालमत्तेवरील तिचा हक्क मांडण्यासाठी. कंपनीचे नोकर त्या काळी पगारावर जगत नसत. प्रत्येकाचा खाजगी व्यापार असे, आणि माणूस मेला की त्याचा खाजगी हिशेब कोठे संपतो व कंपनीचा कोठे सुरू होतो हे ठरविणे दुरापास्त होई. हार्वेच्या मिळकतीचा गुंता असाच होता. तो मुंबईच्या गव्हर्नरापुढे व त्याच्या कौन्सिलापुढेच सुटणार होता. या कथेतील प्रत्येक समुद्रप्रवासामागे कोणता ना कोणता हिशेब आहे, ही गोष्ट बिडल्फच्या लेखनात असूनही झाकली जाते.

३ नोव्हेंबर १७१२ रोजी चाउन दांपत्य ‘अॅन’ या लहान गलबतातून कारवारहून निघाले. गलबतावर मिरी व मेण असा माल होता. संरक्षणासाठी मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लबी याची सशस्त्र यॉट बरोबर होती. दुसऱ्या दिवशी आंग्र्यांची चार जहाजे त्यांच्यावर चालून आली.

ही झुंज कशी झाली असेल हे समजण्यासाठी मराठी आरमाराच्या बांधणीची थोडी माहिती असावी लागते. रॉबर्ट ऑर्म याने केलेले वर्णन या बाबतीत सर्वांत उपयुक्त आहे. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे जहाज. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांपर्यंत, दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी अधिक, पाण्यात बुडणारा भाग थोडा, त्यामुळे खाडीत आणि उथळ किनाऱ्यालगत ती सहज शिरे. तिची नाळ पुढे लांब निमुळती असे, आणि मुख्य तक्तपोशीवरून त्या नाळेवरून मारा करतील अशा नऊ ते बारा पौंडी दोन तोफा समोर रोखलेल्या असत. गलबत हे तिचे धाकटे भावंड; क्वचितच सत्तर टनांहून मोठे. (‘गलबत’ हा शब्द मराठीत सामान्य जहाजालाही लावतात, पण आरमारी कागदांत त्याला हा विशिष्ट अर्थ आहे.) त्याला मुख्य काठीवर प्रचंड त्रिकोणी शीड असे आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी ते वल्ह्यांच्या बळावर ताशी चार मैल जाई. मोठ्या गलबतांवर लहान तोफा बसविलेल्या असत, छोट्यांवर फिरत्या जंबुऱ्या.

कोकणपट्टीवरच्या नाखव्याला माहीत असलेली एक गोष्ट इंग्रजी वर्णनांत क्वचितच स्पष्ट होते. नोव्हेंबरात पहाटेपासून जमिनीवरून मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो, आणि दोहोंच्या मध्ये काही काळ वारा पार मरतो. त्या वेळी शिडाचे जहाज लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राहते आणि वल्ह्यांचे जहाज त्याच्याभोवती हवे तसे फिरते. आंग्र्यांची युद्धरीती याच अवकाशावर उभी होती. गलबतांनी गुराबेला दोर लावून ओढत शत्रूच्या पिछाडीस आणायचे, जेथे त्याच्या बाजूच्या तोफा लागू होत नाहीत. तेथून नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या तोडायच्या. जहाज पांगळे झाले की चहूकडून गलबते भिडवून तलवारीनिशी चढायचे. यात शौर्य लागे, पण त्याहूनही अधिक सराव लागे. कोळी, भंडारी व किनाऱ्यावरील मुसलमान खलाशी यांचा तो पिढीजात सराव होता.

गव्हर्नरची यॉट बराच वेळ लढली. तिच्या डोलकाठ्या तुटल्या, दारूगोळा संपला, मग ती शरण गेली. ‘अॅन’ने कारवारकडे परतण्याचा यत्न केला, पण तिला किनाऱ्याच्या खडकांकडे दाबून धरण्यात आले. या झुंजीत एका गोळ्याने टॉमस चाउनचा हात उडाला आणि रक्तस्राव होऊन तो पत्नीच्या बाहूंत गतप्राण झाला. कॅथरिन त्या वेळी गरोदर होती. कैद्यांना कुलाब्यास नेण्यात आले.

येथून पुढे कथा आणि इतिहास यांच्या वाटा वेगळ्या होऊ लागतात. कथेप्रमाणे आंग्र्याने तिचा छळ केला, तिने तो असामान्य धैर्याने सोसला, आणि तिला आणण्यास गेलेल्या लेफ्टनंट मॅकिन्टॉशला तिची लज्जा झाकण्यासाठी स्वतःच्या अंगावरील वस्त्रे तिच्याभोवती गुंडाळावी लागली. ही हकीकत क्लेमंट डाउनिंग याच्या हिंदुस्थानातील युद्धांवरील पुस्तकातून आलेली आहे. बिडल्फने ती तेथूनच घेतली, आणि बिडल्फकडून ती इतरांनी घेतली.

डाउनिंगचे पुस्तक लंडनला १७३७ साली निघाले. म्हणजे प्रसंग घडल्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी. आपण ‘सॉल्झबरी’ या युद्धनौकेवर मिडशिपमन होतो असे तो स्वतः सांगतो. ही नौका कमोडोर टॉमस मॅथ्यूज याच्या हाताखालच्या चार राजनौकांपैकी एक. ही तुकडी मुंबईस आली ती १७२१ मध्ये. त्याचा वृत्तांतही मुळात १७१५ नंतरच्या घटनांचा आहे. तेव्हा १७१२-१३ च्या घटनांचा डाउनिंग हा साक्षीदार नव्हे. मग हा तपशील त्याला कोठून मिळाला?

या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर त्याच्याच तुकडीत सापडते. कॅथरिनने पुढे तिसरा विवाह केला, तिसऱ्यांदा ती विधवा झाली, आणि अखेरीस मॅथ्यूजच्या ‘लायन’ या नौकेवरून, त्याच्या संरक्षणाखाली, ती इंग्लंडला गेली. म्हणजे ज्या आरमारी तुकडीत डाउनिंग वावरत होता त्याच तुकडीत ही स्त्री प्रवास करीत होती. तिच्या कैदेची कथा जहाजांवर खलाशांच्या तोंडी खेळत असणार, आणि तिचा उगम तिच्या स्वतःच्या सांगण्यात असणे अगदी स्वाभाविक आहे. हे अनुमान आहे, पण निराधार नव्हे. आणि ते मान्य केले तर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. त्या वेळी कंपनी तिच्याकडे मोठ्या रकमेची मागणी करीत होती, कंपनीचे अधिकारी व मॅथ्यूज यांचे हाडवैर होते, आणि तिला राजाच्या आरमाराच्या सहानुभूतीची नितांत गरज होती. ज्या स्त्रीने कंपनीच्या नोकरीपायी दोन पती गमावले आणि चाच्यांच्या तुरुंगात विटंबना सोसली तिच्याकडे कंपनी हिशेब मागते, असे चित्र तिला उपकारक होते. याचा अर्थ तिने सर्व रचून सांगितले असा करू नये. बंदिवास हा बंदिवास. त्यातील भीती, उपासमार आणि अपमान यांची कल्पना कोणासही करता येईल. सोळा-सतरा वर्षांच्या गरोदर मुलीला तर तो मरणप्रायच वाटला असेल. परंतु साक्ष कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत दिली हे न पाहता तिच्यावर एका राज्याच्या सरखेलाचे शील ठरविणे ही संशोधनाची रीत नव्हे.

उलट बाजूचा पुरावा थोडा आहे, पण तो नजरेआड करण्यासारखा नाही. सुमारे साडेतीन महिन्यांच्या कैदेनंतर कॅथरिन मुंबईस जिवंत परतली आणि तिला मुलगा झाला. कैदी हे आंग्र्यांच्या दृष्टीने मोलाचे धन होते; त्यांचा नाश करण्यात त्यांचा कोणताच लाभ नव्हता. आणि मुख्य म्हणजे, तिची सुटका तलवारीच्या बळावर झालेली नाही. ती वाटाघाटीने झाली, आणि त्या वाटाघाटीला आरंभ कान्होजीकडूनच झाला.

याचे कारण कुलाब्याच्या किल्ल्यात शोधून सापडणार नाही. ते घाटावर आहे. १७०७ मध्ये औरंगजेब मेल्यानंतर शाहू महाराज मोगलांच्या छावणीतून सुटून आले आणि मराठी राज्यात दुफळी माजली. कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होता. सिधोजी गुजराच्या मृत्यूनंतर आरमाराची धुरा त्याच्याकडे आली होती, आणि सावंतवाडीपासून मुंबईच्या तोंडापर्यंतची किनारपट्टी त्याच्या धाकात होती. १७१२ संपता संपता शाहूंच्या बाजूने त्याच्यावर चाल होणार हे स्पष्ट दिसू लागले. जंजिऱ्याचा सिद्दी पाठीशी, चौलचे व वसईचे पोर्तुगीज बाजूला, मुंबईचे इंग्रज समोर, आणि आता घाटावरून छत्रपतींची फौज. एवढ्या आघाड्या एकाच वेळी सांभाळणे शक्य नव्हते. इंग्रजांशी सलूख करून समुद्राकडील पाठ मोकळी करणे हाच शहाणपणाचा मार्ग होता, आणि त्यासाठी त्याच्या हाती आयतेच कैदी आलेले होते.

तह झाला. कान्होजीने कंपनीच्या जहाजांना उपद्रव देऊ नये, मुंबई बंदराच्या परिसरात कोणालाही छेडू नये, आणि इंग्रजांनी आपले परवाने केवळ इंग्रज व्यापाऱ्यांच्या जहाजांनाच द्यावेत, अशा आशयाची त्याची कलमे होती. कुलाब्यात जाण्यास कोणी धजेना, तेव्हा लेफ्टनंट मॅकिन्टॉश पुढे झाला. त्याच्याबरोबर तीस हजार रुपये पाठविण्यात आले, आणि २२ फेब्रुवारी १७१३ रोजी तो कॅथरिनला, इतर कैद्यांना व लुटलेल्या मालापैकी शिल्लक राहिलेल्या मालास घेऊन मुंबईस परतला. कथेत तीस हजार ही रकम एका सुंदरीच्या सुटकेचे मूल्य बनते. वस्तुतः ती कैदी, माल आणि सलूख अशा एकत्रित व्यवहाराची रक्कम होती. मॅकिन्टॉशच्या धैर्याला यामुळे उणेपणा येत नाही. पण तो गडावर चढून गेला नव्हता. ठरलेला पैसा घेऊन गेला होता.

कान्होजीची अटकळ बरोबर ठरली. त्याच वर्षी पेशवे बहिरोपंत पिंगळे त्याच्यावर चालून आले आणि स्वतःच त्याच्या कैदेत पडले. त्यानंतर १७१३ च्या नोव्हेंबरात बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली, आणि त्यांनी लढाईऐवजी बोलणी करून १७१४ च्या आरंभी कान्होजीला शाहूंच्या पक्षात आणले. सरखेली कायम झाली, किल्ल्यांची वाटणी ठरली. मराठ्यांच्या इतिहासात या समेटाचे महत्त्व सर्वश्रुत आहे. तो घडून येईपर्यंत समुद्राकडून कान्होजीला शांतता मिळाली, याचे श्रेय काही अंशी ‘अॅन’वरील कैद्यांकडे जाते, ही गोष्ट मात्र कोणी सहसा लक्षात घेत नाही.

तहाच्या परवान्यांविषयीच्या कलमाकडे विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. वादाचे मूळ तेथे आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचा परवाना काढून, तो नसलेल्या प्रत्येक जहाजास पकडण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला होता. इंग्रजही आपले परवाने देत. कान्होजीने दस्तकाचा जो कायदा लादला तो याच परंपरेतील होता. एवढेच की तो कोकणच्या किनाऱ्यावर कोकणच्या सत्तेने लादलेला होता. इंग्रजी निशाणाखाली आपला माल चालवून दस्तकाची रक्कम वाचविण्याची युक्ती मुंबई-सुरतेच्या देशी व्यापाऱ्यांना ठाऊक होती, आणि कंपनीच्या नोकरांना त्यातून वाटा मिळे. निशाण कोणाचे आणि माल कोणाचा, या प्रश्नावर प्रत्येक वेळी खटका उडे. १७०४ मध्ये इंग्रजांनी रेनॉल्ड्स नावाचा माणूस पाठवून, मुंबईच्या पाण्यात जहाजांची झडती घेऊ नये असे कान्होजीला बजावले, तेव्हा त्याने वचने इंग्रजांनीच मोडली असे उत्तर देऊन, यापुढे त्यांची जहाजे भेटतील तेथे धरू, असे स्पष्ट सांगितले होते. चाचा अशी उत्तरे देत नाही, तो पळून जातो. पुढे १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्सशी झालेल्या पत्रव्यवहारात तर कान्होजीने आपली सत्ता थेट शिवछत्रपतींच्या राज्यस्थापनेशी जोडून दाखविली आहे.

एस्लबी १७१५ मध्ये गेला आणि चार्ल्स बून गव्हर्नर झाला. त्याबरोबर सलोख्याचे दिवस संपले. १७१८ मध्ये बूनने मोठी तयारी करून खांदेरीवर हल्ला चढविला आणि तो फसला. मुंबईच्या किल्ल्यात या अपयशाचे खापर फोडण्यासाठी डोके हवे होते. ते रामा कामतीच्या रूपाने सापडले. कंपनीच्या कारभारात मानाचे स्थान असलेला हा सारस्वत धनिक. वाळकेश्वरच्या देवालयाचा जीर्णोद्धार १७१५ च्या सुमारास त्याने केला असे परंपरा सांगते, आणि १७१८ च्या नाताळात सेंट टॉमसच्या चर्चचा उद्घाटनसमारंभ झाला तेव्हा तो आपल्या ज्ञातिबांधवांसह तेथे उपस्थित होता. आंग्र्यांशी गुप्त संधान बांधल्याच्या आरोपावरून १७२० मध्ये त्याची चौकशी झाली. साक्षीदाराचा छळ करून जबानी काढली गेली, त्याच्या नावाचे पत्र पुराव्यात आले, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. ते पत्र बनावट होते हे नंतर उघडकीस आले, तरी कैद संपली नाही. १७२८ मध्ये तो बंदिवासातच मरण पावला.

कुलाब्यातील साडेतीन महिने आणि मुंबईतील आठ वर्षे. पहिल्या कैदेवर इंग्रजीत ग्रंथ झाला. दुसरीची हकीकत ज्यांना मुंबईच्या जुन्या दप्तरांत रस आहे तेवढ्यांनाच माहीत असते. आपल्या ऐतिहासिक कादंबरीनेही येथे फारसे केलेले नाही. गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून तिचे मन गडकोटांत आणि घोडदळात रमले, नाथमाधवांच्या ‘सावळ्या तांडेला’सारखे शीर्षकातच दर्यावर्दी माणूस असलेले उदाहरण विरळा. गिरगाव-माझगावच्या कोळीवाड्यांपासून खांदेरीचे बेट काही तासांच्या अंतरावर. तेथली माणसे दोन्ही बाजूंच्या जहाजांवर वल्ही मारीत होती. त्यांच्या वाट्याला ना इंग्रजी रोमान्स आला, ना मराठी.

कॅथरिनचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगता येईल. मुंबईस आल्यावर तिने विल्यम गिफर्ड या फॅक्टरशी विवाह केला. गिफर्ड पुढे त्रावणकोर किनाऱ्यावरील अंजेंगो येथे वखारीचा मुख्य झाला. तेथे मिरीच्या व्यापारात त्याने कंपनीपेक्षा स्वतःचे हित अधिक पाहिले आणि आसपासच्या लोकांशी वैर जोडले. एप्रिल १७२१ मध्ये अत्तिंगलच्या राणीला नजराणा देण्यास तो सुमारे १४० जणांसह गेला असता त्याच्यासह जवळजवळ सर्वांची कत्तल झाली. कॅथरिन इतर दोन स्त्रिया व मुले यांच्यासमवेत एका लहान जहाजातून निसटून मद्रासेस पोचली आणि तेथून कलकत्त्यास आपल्या माणसांत गेली. गिफर्डचे आणि कंपनीचे हिशेब एकमेकांत मिसळलेले होते, जसे दहाएक वर्षांपूर्वी हार्वेचे होते. आणि या वेळीही ते सोडविण्याची जबाबदारी विधवेवर आली.

मॅथ्यूज हा आंग्र्यांना व मादागास्करच्या चाच्यांना नष्ट करण्यासाठी आला होता. १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर जो हल्ला केला त्यात तो स्वतः होता. भाल्याने त्याच्या मांडीस जखम झाली, हल्ला मोडला, आणि बाजीराव फौजेसह येऊन पोचल्यावर पोर्तुगीजांनी वेगळा तह केला. ज्या किल्ल्यात कॅथरिन कैदेत होती तो घेता न आलेला हा सेनानी पुढे कलकत्त्यास तिला भेटला आणि तिला आपल्या नौकेवर घेऊन मुंबईस आला. मुंबईच्या किल्ल्यातून तिच्याकडे मागणी झाली की, कंपनीचा हिशेब चुकता केल्याशिवाय तिने जाऊ नये. मॅथ्यूजने दाद दिली नाही. ज्या बंदरात नऊ-दहा वर्षांपूर्वी मॅकिन्टॉशने तिला तीस हजार रुपये मोजून उतरविले होते, त्याच बंदरात आता तिला उतरू देण्यास राजाच्या आरमाराचा नकार होता. कारण ती कंपनीची ऋणको होती.

एस्लबी आणि बून यांनी जेथून हे सर्व हुकूम काढले त्या मुंबईच्या किल्ल्याच्या जागी आज भारतीय नौदलाचा तळ आहे. १९५१ पासून त्याचे नाव ‘आंग्रे’ असे आहे. खांदेरीच्या दीपगृहालाही आता कान्होजीचे नाव दिलेले आहे. कॅथरिन गिफर्ड १७२४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यास लागली. तेथेही कंपनीने आपली मागणी सोडली नाही, आणि मिरीच्या त्या हिशेबावरून दोन्ही पक्षांचा वाद लंडनमध्ये पुन्हा सुरू झाला.